कृष्णविवरांचे झोत: तोफेच्या चित्राचा प्रतिवाद

खगोलीय झोत म्हणजे आयनद्रायूचा, म्हणजेच सुट्या इलेक्ट्रॉनांनी आणि इतर विद्युतभारित कणांनी बनलेल्या वायूचा, अरुंद आणि अतिवेगवान प्रवाह. महाकाय कृष्णविवराभोवती वायूची तबकडी फिरत असली की तिच्या अक्षाला धरून दोन विरुद्ध दिशांना असे प्रवाह निघू शकतात. ते मूळ दीर्घिका ओलांडून लाखो प्रकाशवर्षे दूर जातात. आपल्या आकाशगंगेतही काही जोडताऱ्यांत याच घडणीचे, पण कितीतरी लहान झोत सापडतात. दोन्हींतून रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंत सर्व तऱ्हेचे प्रारण बाहेर पडते.

या प्रारणाचे जे स्पष्टीकरण लोकप्रिय लेखांत आणि व्याख्यानांत वारंवार दिले जाते, ते तोफेचे आहे. कृष्णविवर आजूबाजूचे द्रव्य गिळते, त्यातले थोडे प्रचंड तापवून बाहेर फेकते आणि ते तापलेले कण तोफगोळ्यासारखे सुसाट जाताना तेजाळतात, असे ते चित्र. त्यात तीन विधाने आहेत: द्रव्य कृष्णविवराच्या पोटातून येते, ते गरम असल्यामुळे चमकते, आणि कणांना सगळी ऊर्जा उगमापाशीच मिळते. तिन्ही चुकीची आहेत. पहिल्याचा निकाल थोडक्यात लागतो, दुसऱ्याला थोडा पुरावा लागतो. तिसरे सर्वांत चिवट आहे, कारण पहिली दोन चुकीची असल्याचे ठाऊक असलेले वाचकही ते बिनदिक्कत धरून चालतात. म्हणून येथे सर्वाधिक जागा त्यालाच दिली आहे.

पहिले विधान घ्या. कृष्णविवराच्या सीमेच्या, म्हणजे घटना क्षितिजाच्या, आत गेलेले द्रव्य बाहेर येत नाही, प्रकाशही येत नाही. झोताचा उगम क्षितिजाच्या बाहेरच असतो. १९७७ मध्ये रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नाजेक यांनी दाखवले की फिरत्या कृष्णविवरातून चुंबकीय क्षेत्ररेषा जात असतील तर त्याच्या भोवतीचा अवकाशच त्या रेषांना पीळ घालतो आणि हा पीळ ऊर्जा बाहेर वाहून नेतो. खर्च होते ती कृष्णविवराच्या फिरण्याची ऊर्जा. सर्वाधिक वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवरात ही ऊर्जा त्याच्या एकूण वस्तुमान-ऊर्जेच्या २९ टक्क्यांपर्यंत असू शकते. कन्या राशीतल्या एम ८७ या दीर्घिकेचे केंद्रीय कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट जड आहे. १० एप्रिल २०१९ रोजी त्याच्या सावलीचे चित्र प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये त्याच निरीक्षणांतून मिळालेल्या ध्रुवणाच्या, म्हणजे प्रकाशाच्या कंपनदिशेच्या, नकाशात सावलीभोवतीच्या कड्यात सुव्यवस्थित चुंबकीय क्षेत्र दिसले. त्याची तीव्रता १ ते ३० गॉस निघते. तोफेत दारूचा स्फोट असतो. इथे मात्र स्फोट नाही, फिरणारे चाक आहे आणि त्याला चुंबकीय दोऱ्या बांधलेल्या आहेत.

आता दुसरे विधान. भट्टीतले लोखंड तापले की आधी लाल, मग पिवळे दिसते, कारण तापलेल्या वस्तूचा वर्णपट तिच्या तापमानाने ठरतो. एका ठरावीक तरंगलांबीपाशी तेज सर्वाधिक असते आणि दोन्ही बाजूंना ते पडते. झोताचा वर्णपट असा नाही. रेडिओपासून पुढे वारंवारता वाढेल तसे तेज एका सरळ नियमाने, घात-नियमाच्या उतारावर, कमी होत जाते. मध्ये तापमानाची खूण असलेले शिखर नसते. शिवाय काही झोतांच्या गाभ्याचे रेडिओ तेज इतके आहे की ते उष्णतेचे मानले तर तापमान १ लाख कोटी अंशांच्या घरात निघते. एवढ्या तापलेल्या वायूने जे इतर प्रारण फेकायला हवे ते दिसत नाही.

खरा निकाल ध्रुवणाने लावला. १९१८ मध्ये लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांना एम ८७ च्या मध्यातून निघालेली प्रकाशाची एक सरळ रेघ छायाचित्रात दिसली होती. ती काय आहे हे पुढची जवळपास चाळीस वर्षे कोणी सांगू शकले नाही. १९५६ मध्ये वॉल्टर बाडे यांनी त्या रेघेचा प्रकाश ध्रुवित असल्याचे दाखवले, म्हणजे त्याच्या विद्युत कंपनांना एक पसंतीची दिशा होती. तापलेल्या वायूच्या प्रकाशाला अशी दिशा नसते. चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपास वेगाने घिरट्या घालणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रारणाला मात्र ती असते. आदर्श परिस्थितीत हे ध्रुवण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हे प्रारण १९४७ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत सिंक्रोट्रॉन या कणत्वरकात प्रथम डोळ्यांनी दिसले होते. म्हणूनच त्याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. ताजा पुरावा भारतीय आहे. हंस तारकासमूहातल्या हंस एक्स-१ या जोडताऱ्याचे ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने वेध घेतले, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १७५ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरच्या क्ष-किरणांत ठळक ध्रुवण दिसून आले. त्याचा सर्वांत सरळ अर्थ असा की हे किरण तबकडीच्या तापलेल्या वायूतून न येता झोतातून येतात.

एक अपवाद इथेच मांडायला हवा. गरुड तारकासमूहात, सुमारे १८,००० प्रकाशवर्षांवर असलेल्या एसएस ४३३ या जोडताऱ्याच्या झोतात उगमाजवळ खरोखरच तापलेले द्रव्य आहे. लोहासारख्या मूलद्रव्यांच्या रेषा त्यात दिसतात आणि ते प्रकाशाच्या २६ टक्के वेगाने जाते. तोफेच्या बाजूने साक्ष द्यायला याहून चांगला साक्षीदार नाही. पण तोच साक्षीदार पुढे उलटतो, तो कसा ते नंतर येईल.

तिसऱ्या विधानाचा प्रतिवाद एका साध्या हिशेबावर उभा आहे. सिंक्रोट्रॉन प्रारण फेकणारा इलेक्ट्रॉन फुकट चमकत नाही. प्रत्येक घिरटीला तो आपलीच ऊर्जा खर्चतो. जितका इलेक्ट्रॉन ऊर्जावान, तितका तो वरच्या वारंवारतेला चमकतो आणि तितका लवकर थकतो. त्यामुळे चमक कोणत्या वारंवारतेला दिसते यावरून इलेक्ट्रॉनाचे आयुष्य काढता येते.

हा हिशेब एम ८७ च्या झोतावर करून पाहावा. वसईतल्या पापडीच्या १९.४ अंश उत्तर अक्षांशावरून ही दीर्घिका याम्योत्तर वृत्त ओलांडताना डोक्यावरच्या बिंदूपासून जेमतेम सात अंश दक्षिणेला असते. एप्रिल-मेच्या रात्री ती वसईच्या आकाशात चांगली उंचावर येते. ती साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. झोत दिसण्यासाठी मोठीच दुर्बीण लागते. त्याची उजळ रेघ सुमारे ५,००० प्रकाशवर्षे लांब आहे आणि तिच्यात जागोजाग तेजस्वी गाठी आहेत. त्या गाठी दृश्य प्रकाशात दिसतात, आणि चंद्रा उपग्रहाने घेतलेल्या क्ष-किरण चित्रांतही दिसतात. गाठींतले चुंबकीय क्षेत्र गॉसच्या सुमारे तीन दशसहस्रांश धरले, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारांश भागाहूनही कमी, तर क्ष-किरण देणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा सुमारे ७ लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट निघते. जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनांना जवळपास एवढीच ऊर्जा दिली जाते. आणि अशा इलेक्ट्रॉनाचे आयुष्य निघते सुमारे २० वर्षे.

वीस वर्षांत कोणताही कण वीस प्रकाशवर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. तरीही क्ष-किरणांची चमक उगमापासून हजारो प्रकाशवर्षांवर आहे. तोफेतून सुटलेला गोळा गावाच्या वेशीवरच विझायला हवा होता. तो दहा गावे ओलांडून जळताना दिसतो. याचा अर्थ एकच होतो. तिथे चमकणाऱ्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जा तिथेच, अगदी अलीकडे, मिळालेली आहे.

या युक्तिवादावर नेहमीचा आक्षेप सापेक्षतेचा असतो. प्रवाहच जर प्रकाशाच्या जवळपास वेगाने जात असेल तर त्यातल्या इलेक्ट्रॉनाचे घड्याळ हळू चालते, मग आयुष्य वाढत नाही का? वाढते, पण पुरेसे नाही. एम ८७ च्या झोतासाठी ही वाढ पाच-सहा पटींच्या घरात धरता येते. तेवढ्याने २० प्रकाशवर्षांची पल्ल्याची मर्यादा १०० किंवा १२० होते. ५,००० होत नाही. दुसरा आक्षेप असा असतो की झोताच्या मध्यभागी क्षेत्र फारच क्षीण असेल आणि इलेक्ट्रॉन त्या पोकळ वाटेने न थकता पुढे जात असतील. पण विश्वाच्या आरंभीच्या प्रकाशाचे जे पार्श्वप्रारण सर्वत्र भरले आहे, त्याच्यावर आणि दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या प्रकाशावर आदळूनही इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतोच. शिवाय शांतपणे पुढे गेलेले इलेक्ट्रॉन ठरावीक गाठींतच का पेटावेत, याला हा आक्षेप उत्तर देत नाही.

गाठी पेटतात हे तर प्रत्यक्ष पाहिले गेले आहे. एम ८७ च्या केंद्रापासून आकाशातल्या मोजणीने दोनशेहून अधिक प्रकाशवर्षांवर एचएसटी-१ नावाची गाठ आहे. २००० ते २००५ या काळात तिचे क्ष-किरण तेज पन्नास पटींहून अधिक वाढले आणि मग उतरले. उतरणीचा काळ काही वर्षांचा होता, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या हिशेबी आयुष्याशी जुळणारा. केंद्रातून निघालेल्या एखाद्या गोळ्याची ही चमक असती तर ती केंद्रापासून गाठीपर्यंतच्या वाटेवर सरकत आलेली दिसायला हवी होती.

एम ८७ एकटी असती तर तिला विशेष प्रकरण म्हणून बाजूला ठेवता आले असते. नरतुरंग तारकासमूहातली सेंटॉरस ए ही सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका तसे करू देत नाही. वसईतून ती दक्षिण क्षितिजापासून फार तर २८ अंश वर येते, नामिबियातल्या एच.ई.एस.एस. दुर्बिणींना मात्र ती उंचावर दिसते. त्यांनी २०० तासांहून अधिक वेध घेतले आणि २०२० मध्ये दाखवून दिले की तिचे अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण एका बिंदूतून येत नाहीत. ते झोताच्या लांबीवर, हजारो प्रकाशवर्षे, पसरलेले आहेत. ते निर्माण करणारे इलेक्ट्रॉन एम ८७ मधल्यांपेक्षाही ऊर्जावान आहेत, म्हणून त्यांचेही आयुष्य अल्पच. ते अख्ख्या झोतभर आहेत, तेव्हा त्वरणही अख्ख्या झोतभर चालू असले पाहिजे.

आणि एसएस ४३३. त्याचे गरम, रेषा दाखवणारे द्रव्य उगमापासून थोड्या अंतरावर थंड होऊन दिसेनासे होते. मग कितीतरी प्रकाशवर्षे काहीच नाही. उगमापासून सुमारे ७५ प्रकाशवर्षांवर झोत पुन्हा प्रकट होतो, क्ष-किरणांत आणि गॅमा किरणांत. २०२४ च्या जानेवारीत एच.ई.एस.एस. ने या दुसऱ्या भागाचे ऊर्जेनुसार नकाशे प्रसिद्ध केले. सर्वाधिक ऊर्जेचे गॅमा किरण फक्त त्या पुनःप्रकट होण्याच्या जागेपाशी आहेत. कमी ऊर्जेचे तिथून पुढे, बाहेरच्या दिशेला पसरलेले आहेत. ताजे इलेक्ट्रॉन जिथे जन्मले तिथे ऊर्जा सर्वाधिक, आणि प्रवाहाबरोबर पुढे जाताना ते थकत गेलेले. त्वरणाची जागा इतक्या स्वच्छपणे बोटाने दाखवता येण्याची उदाहरणे दुर्मीळ आहेत. ज्या झोतात तापलेले द्रव्य खरोखरच सुटते, त्याच झोतात ते द्रव्य विझल्यावर कण नव्याने पेटतात.

तोफेचे चित्र अडाणीपणातून आलेले नाही, हे मान्य करायला हवे. एके काळी ते प्रतिष्ठित होते. १९५३ मध्ये मँचेस्टरजवळच्या जॉड्रेल बँक वेधशाळेत रॉजर जेनिसन आणि भारतीय शास्त्रज्ञ मृणाल कुमार दासगुप्ता यांनी सिग्नस ए या दीर्घिकेच्या रेडिओ लहरी दीर्घिकेतून न येता तिच्या दोन बाजूंच्या दोन पसाऱ्यांतून येतात असे शोधून काढले. इतक्या दूर ऊर्जा पोचली कशी? सोपे उत्तर होते: केंद्रात कधीतरी स्फोट झाला आणि आयनद्रायूचे दोन गोळे दोन दिशांना फेकले गेले. पण फुगणाऱ्या वायूतले कण फुगण्यातच ऊर्जा गमावतात. एक प्रकाशवर्षाचा गोळा लाख प्रकाशवर्षांचा झाला तर प्रत्येक कणाची ऊर्जा लाखांश उरते. १९७४ मध्ये मार्टिन रीस आणि ब्लँडफर्ड यांनी, तसेच पीटर शॉयर यांनी स्वतंत्रपणे, गोळ्याऐवजी अखंड प्रवाहाची कल्पना मांडली: केंद्र ऊर्जा सतत पाठवत राहते आणि ती ऊर्जा प्रवाहाच्या टोकाशी कणांना मिळते. संशोधकांनी तोफ तेव्हाच सोडली. पन्नास वर्षांनंतरही ती वाचकांपुढे ठेवली जाते, ही तक्रारीची बाब आहे.

योग्य चित्र घराजवळच आहे. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून वीज निर्माण होते. अशा केंद्रातल्या विजेवर पापडीतल्या घरातला दिवा लागतो तेव्हा दिव्याच्या तारेत हलणारे इलेक्ट्रॉन तारापूरहून आलेले नसतात. ते तारेतलेच असतात. तारापूरहून येते ती ऊर्जा, विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या रूपाने, आणि तिचा प्रकाश होतो तो दिव्यापाशी. झोतही मुख्यतः वाहिनी आहे. तो चुंबकीय ऊर्जा आणि प्रवाहाची गतिज ऊर्जा वाहून नेतो, आणि ठिकठिकाणी तिचा काही भाग मूठभर कणांच्या वाट्याला येतो. हे साम्य एका ठिकाणी थांबते: तारेतले इलेक्ट्रॉन जवळपास जागच्या जागी हलतात, झोतातले द्रव्य मात्र स्वतःही पुढे वाहते.

ऊर्जा कणांना मिळते कशी, याचे पहिले उत्तर एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये विश्वकिरणांसाठी, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांसाठी, दिले. समोरून येणाऱ्या विरार लोकलच्या दर्शनी भागावर रबरी चेंडू फेकला तर तो आपल्या मूळ वेगात लोकलच्या वेगाची दुप्पट मिळवून परततो. अवकाशात लोकलची जागा चुंबकीय क्षेत्र घेऊन फिरणारे वायूचे ढग घेतात. फर्मींच्या मूळ कल्पनेत ढग यादृच्छिक दिशांना फिरत असल्याने काही धडका ऊर्जा देतात तर काही काढून घेतात. निव्वळ फायदा फार थोडा होतो. १९७७-७८ मध्ये क्रिम्स्की, बेल, ॲक्सफर्ड आणि त्यांचे सहकारी, तसेच ब्लँडफर्ड व ऑस्ट्रायकर यांनी ही कल्पना आघात तरंगांना लावली. आघात तरंगाच्या दोन्ही बाजूंचे वायू एकमेकांकडे सरकत असतात. मधल्या पातळीवरून इकडेतिकडे येजा करणाऱ्या कणाला दोन्ही बाजूंना लोकल समोरूनच येताना भेटते.

या यंत्रणेचे सौंदर्य असे की घात-नियमाचा वर्णपट तिच्यातून आपोआप निघतो. आघात तरंगाचा वेग प्रकाशाच्या एक-दशांश धरला तर दर फेरीत कणाची ऊर्जा सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, आणि दर फेरीत सुमारे दहा टक्के कण प्रवाहाबरोबर निसटून जातात. ऊर्जा दहा लाख पट व्हायला सुमारे १४५ फेऱ्या लागतात आणि तोवर दहा लाखांत साधारण एकच कण टिकतो. ऊर्जा जितक्या पटीने जास्त, त्या पल्ल्यापुढे टिकणारे कण तितक्याच पटीने कमी. बलवान आघात तरंगासाठी हा कल जवळपास ठरलेला आहे, आणि अनेक रेडिओ झोतांचे वर्णपट त्याच्या आसपास उतरतात.

इथे मात्र दुसऱ्या टोकाची चूक होते. तोफ नाकारणारे बरेच लेखन सगळे त्वरण आघात तरंगांच्याच नावावर टाकते. झोत जिथे तीव्र चुंबकीय असतो आणि क्षेत्र प्रवाहाला आडवे असते तिथे सापेक्षीय वेगाचा आघात तरंग कणांना परत मागे फिरूच देत नाही. क्षेत्ररेषा त्यांना वाहून नेतात आणि फेऱ्या सुरूच होत नाहीत. अशा जागी चुंबकीय पुनर्जोडणी अधिक पटते. विरुद्ध दिशांच्या क्षेत्ररेषा जवळ ढकलल्या गेल्या की त्या तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली चुंबकीय ऊर्जा कणांना मिळते. ही घटना सूर्यावर नित्याची आहे. सौरज्वालांमागे तीच असते. १९६५ मध्ये गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी कल्याणला ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली ती सूर्याच्याच अभ्यासासाठी. याशिवाय प्रवाहातली खळबळ आणि झोताचा वेगवान गाभा व संथ कड यांमधले घर्षण हेही कणांना ऊर्जा देऊ शकतात.

कोणत्या झोतात कोणती यंत्रणा, याचा निवाडा वेधांनीच होतो. आयएक्सपीई उपग्रहाने मार्केरियन ५०१ या दीर्घिकेच्या क्ष-किरणांत सुमारे १० टक्के ध्रुवण मोजले. ते दृश्य प्रकाशातल्या ध्रुवणाच्या दुपटीहून अधिक होते आणि त्याची दिशा झोताशी समांतर होती. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ताजे इलेक्ट्रॉन एका आटोपशीर, सुव्यवस्थित जागेत जन्मून पुढे पसरतात, असे यावरून दिसते. ही आघात तरंगाची खूण आहे. उलट पीकेएस २१५५−३०४ या झोताचे गॅमा तेज जुलै २००६ मध्ये दोन-तीन मिनिटांत बदलले. शंभर कोटी सूर्यांच्या कृष्णविवराचे क्षितिज ओलांडायला प्रकाशालाही तासन्‌तास लागतात. एवढा जलद बदल झोताच्या आतल्या, उगमाहून कितीतरी लहान अशा भागातूनच येऊ शकतो, आणि पुनर्जोडणीतून सुटणारे छोटे झोत हे त्याचे पटणारे स्पष्टीकरण आहे.

वर आलेले तेजाचे आकडे वाचताना एक दुरुस्ती कायम लक्षात ठेवावी लागते. आपल्याकडे रोखलेल्या झोताचे प्रारण पुढच्या दिशेला एकवटते. मागे जाणारा जोडीचा झोत शेकडो पट मंद दिसतो. म्हणून एम ८७ चा एकच झोत ठळक आहे. याच कारणाने त्याच्या गाठी प्रकाशाच्या सहापट वेगाने सरकताना भासतात: गाठीचा प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेने ती गाठही त्याच्या मागोमाग येत असते. झोत दृष्टिरेषेशी १९ अंशांहून कमी कोन करत असेल तर असा भास होऊ शकतो. सापेक्षतेचा भंग तिथे कुठेही होत नाही.

सिंक्रोट्रॉन प्रारणाखेरीज झोतातून दुसऱ्या मार्गानेही प्रकाश निघतो. वेगवान इलेक्ट्रॉन मंद प्रकाशकणाला धडकून त्याला आपली ऊर्जा देतो. यालाच व्यस्त कॉम्प्टन विकिरण म्हणतात. आपल्याकडे रोखलेल्या झोतांच्या वर्णपटात त्यामुळे दोन उंचवटे दिसतात, पहिला सिंक्रोट्रॉनचा आणि दुसरा गॅमा किरणांतला. सप्तर्षीतल्या मार्केरियन ४२१ च्या अशा गॅमा किरणांचे वेध तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने माउंट अबूच्या टॅक्टिक दुर्बिणीने घेतले आहेत. त्याच केंद्राची लडाखमधल्या हानले येथील २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली.

ही दुसरी यंत्रणा खरी असली तरी तिचा गैरवापरही झाला. १९९९ मध्ये चंद्रा उपग्रहाला पीकेएस ०६३७−७५२ या क्वासारच्या, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्राच्या, लांबलचक झोतातून अनपेक्षित क्ष-किरण मिळाले. त्यांचे कारण पार्श्वप्रारणावरचे व्यस्त कॉम्प्टन विकिरण आहे असे मानले की अतिऊर्जावान इलेक्ट्रॉनांची गरजच उरत नव्हती. झोतभर त्वरण मानण्याची अडचणही टळत होती. पण हे खरे असते तर त्याच झोतातून ठरावीक प्रमाणात गॅमा किरणही यायला हवे होते. फर्मी उपग्रहाने वर्षानुवर्षे पाहूनही ते सापडले नाहीत. ३सी २७३ या दुसऱ्या क्वासारसाठी २०१४ मध्ये आणि पीकेएस ०६३७−७५२ साठी २०१५ मध्ये हे स्पष्ट झाले. या दोन झोतांपुरता तो मार्ग बंद झाला आहे. तिथले क्ष-किरण अल्पायुषी इलेक्ट्रॉनांच्या दुसऱ्या गटाचे सिंक्रोट्रॉन प्रारण मानणे भाग आहे, आणि तो गट उगमापासून लाखो प्रकाशवर्षांवर तयार झालेला आहे.

प्रोटॉनांचे काय? त्यांनाही याच यंत्रणा वेग देतात, पण जड असल्याने ते फारसे चमकत नाहीत. त्यांचा माग न्यूट्रिनो नावाचे विद्युतभार नसलेले कण देतात. २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब संचात सुमारे २९० लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रिनो नोंदला गेला आणि त्याची दिशा मृग नक्षत्राच्या परिसरातल्या टीएक्सएस ०५०६+०५६ या झोताशी जुळली. तो झोत त्या वेळी गॅमा किरणांत उजळलेला होता. इलेक्ट्रॉनांपासून असे न्यूट्रिनो निपजत नाहीत. मात्र एका झोतावरून सगळ्या विश्वकिरणांचा उगम सिद्ध झाला असे म्हणणे पुराव्याच्या पुढे जाणे होईल.

झोताचा प्रवास जिथे संपतो तिथे तो दीर्घिकांमधल्या विरळ वायूवर आदळतो. सिग्नस ए मध्ये या आदळण्याच्या जागी दोन लखलखते बिंदू दिसतात: शेवटचा आघात तरंग आणि शेवटचे मोठे त्वरण. तिथून कण मागे पसरून विशाल पाळ्या भरतात. यापुढची हकिकत कमी वारंवारतेला वाचता येते, आणि तिच्या सर्वोत्तम साधनांपैकी एक महाराष्ट्रात आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. मीटरभर तरंगलांबीला चमकणारे इलेक्ट्रॉन पाळीतल्या क्षीण क्षेत्रात कोट्यवधी वर्षे टिकतात, म्हणून जुन्या, मंदावलेल्या पाळ्याही तिला दिसतात. २०२४ मध्ये जाहीर झालेली पोर्फिरियन ही झोतांची जोडी टोकापासून टोकापर्यंत २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षे भरते. युरोपातल्या लोफार दुर्बिणीने ती शोधली, आणि ती कोणत्या दीर्घिकेतून निघाली हे ठरवायला खोडदचे वेध उपयोगी पडले.

कृष्णविवराने पुरवठा थांबवला की आधी क्ष-किरण जातात, मग दृश्य प्रकाश, मग वरच्या वारंवारतेच्या रेडिओ लहरी. वर्णपटाचा उतार कुठे मोडला आहे हे पाहून पुरवठा केव्हा तुटला याचा अंदाज घेता येतो. काही दीर्घिकांत जुन्या विझत्या पाळ्यांच्या आत नव्या झोताच्या उजळ पाळ्याही दिसतात. तिथे चाकाला पुन्हा दोऱ्या बांधल्या गेल्या आहेत. जिथे तसे घडत नाही, तिथे उरलेले इलेक्ट्रॉन पार्श्वप्रारणाच्या प्रकाशकणांना धडकत आपली ऊर्जा देत राहतात आणि पाळी खोडदच्या सर्वांत लांब लहरींतूनही नाहीशी होते.